डालग्याखालचं पाऊल

"काका, आज इथं जाहीर झालेल्या गेममधला तुमचा सगळ्यात आवडता कुठला?" असं विचारत एका मुलीनं माझ्या तोंडासमोर माइक धरला, तेव्हा मी हातात अर्धा सामोसा घेऊन भिंतीला टेकलो होतो. बंगळूरला भरलेलं गेमचं प्रदर्शन ते. सगळीकडे कानठळ्या बसवणारं संगीत आणि विशीतली पोरं. त्यात पांढऱ्या मिशांचा मी एकटाच, म्हणून तिनं मला हेरलं असणार. "सांगता येत नाही बुवा," एवढंच मी म्हणालो. ती हिरमुसून पुढं गेली. तिला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच, म्हणून इथं देतो. जरा लांबण लागेल.

आधी माझा धंदा सांगतो, कारण तो माझ्या सख्ख्या बायकोलाही दोन वर्षं कळला नव्हता. मी वडगाव मावळचा. स्टेशनच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, आणि तहसील कचेरीत लागणारे पासपोर्ट फोटो. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि मी दुकानात माश्या मारत बसलो. तेव्हा पुण्याच्या एका व्हिडिओ गेम कंपनीला माणूस हवा होता, आणि काम काय, तर दगडांचे फोटो काढायचे. हसू नका. गेममध्ये जे जंगल, जी पडकी भिंत, जो रांजण दिसतो, तो पुष्कळदा खरा असतो. खऱ्या वस्तूचे सगळ्या बाजूंनी शेदोनशे फोटो काढायचे, कॉम्प्युटर ते जुळवतो आणि ती वस्तू जशीच्या तशी आत उभी करतो. त्याला स्कॅन म्हणतात. बायको लोकांना सांगायची, "हे दिवसभर धोंड्याभोवती फिरतात, पगार देतात बिचारे."

या धंद्याचे दोनतीन नियम सांगतो, पुढं लागतील. पहिला, ऊन चालत नाही. सावली पडली की ती फोटोत कायमची चिकटते, आणि गेम बनवणाऱ्यांना तर उजेड आपल्या मनासारखा लावायचा असतो. म्हणून आम्हाला ढगाळ, पिठूळ उजेड लागतो, ज्यात कशाचीच सावली पडत नाही. लोणावळ्याला येणारे पर्यटक धुकं बघून गाणी म्हणतात, मी धुकं बघून कामाला लागायचो. दुसरा, चकचकीत वस्तू कॉम्प्युटरला कळत नाही. तांब्या असो की घासलेली पाटी, तिच्यावर पावडर भुरभुरावी लागते. पावडर संपली तर घरातलं पीठही चालतं. आणि तिसरा, फोटो काढताना कुणी हलायचं नाही. मध्येच कुणी चालत गेलं तर त्याचा अर्धामुर्धा गोळा त्या वस्तूला चिकटून बसतो. याला आमच्या ऑफिसात सरळ 'भूत' म्हणत. वडगावच्या बाजारातली एक भिंत मी स्कॅन केली होती, तिच्यातून बांगड्या भरलेला एक हात कोपरापर्यंत बाहेर आला. बाई कोण, कधी गेली, मला पत्ता नाही. तो हात खरवडून काढायला एका मुलाला दोन दिवस लागले आणि तो म्हणाला, "काका, काढताना लय कसंतरी वाटलं हो."

ज्यांच्या वस्तू स्कॅन करायचो ती माणसं म्हणाल तर तीही एकेक नग. वराळ्याच्या एका गृहस्थांची गोठ्याची भिंत घेतली, तर ते दर महिन्याला फोन करून विचारायचे, "आमच्या भिंतीचं नाव झालं का?" नाव होत नसतं हो भिंतीचं, पण सांगणार कोण.

असो. मुद्द्यावर येतो.

आमच्या कंपनीनं एक भयकथेचा गेम करायला घेतला. सह्याद्रीतली वाडी, धुकं, हातात कंदील, आणि घरोघर फिरून हरवलेल्या माणसाचा माग काढायचा. त्याची मुख्य केतकी, माझ्या मुलीच्या वयाची, पण कामात कडक. म्हणाली, "काका, कुडाच्या भिंतीचं, शेणानं सारवलेलं, राहतं घर पाहिजे. रिकामं नको, राहतं."

तसं घर मला भुशीच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीत सापडलं. घर बुधाभाऊचं. हा कड्यावरची मोहळं काढणारा माणूस. तीनेक वर्षांपूर्वी दोर तुटून पडला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तेव्हापासून उंबऱ्यात बसून बांबूची डालगी विणायचा, कोंबड्या झाकायला लागतात ती. बायको हिराबाई पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजून विकायची. मी त्याला माझं काम समजावलं तेव्हा तो खदाखदा हसला.

"घराचा फोटू काढा, हांड्याचा काढा, माझाबी काढा. येकच पाय हाय, निम्म्यात व्हईल तुमचं काम."

पिठाचं ऐकून मात्र त्यानं कपाळाला हात लावला. "खायाचं पीठ भांड्यावर टाकता? लय शिकलेली मानसं बाबा तुमी!" मग म्हणाला, "या कवाबी. तुमी याच्या आदी मीच टाकून ठिवतो पीठ, तुमाला तरास नको."

ठरलं असं, की पाऊस ओसरला की पहिल्या कोरड्या, ढगाळ दिवशी मी जायचं. वाडीत फोनला रेंज नाही, त्यामुळे कळवायचा प्रश्नच नव्हता. तीनचार आठवड्यांनी, भादव्यात तसा दिवस मिळाला. सकाळी नऊच्या सुमारास मी बॅग आणि कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड घेऊन वर पोचलो.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. बुधाभाऊच्या घराचं दार उघडं. हाका मारल्या, ओ नाही. दार उघडं टाकून रानात जाणं तिथं नवं नव्हतं, म्हणून मी आत शिरलो. बुधाभाऊ झोपायचा त्या कोपऱ्यात दिवसाढवळ्या एक दिवा जळत होता आणि दिव्याशेजारी एक डालगं पालथं घातलेलं होतं. मला वाटलं, खाली कोंबडीची पिल्लं असतील. पण जमीन तर मला हवी होती. हळूच डालगं उचललं, तर खाली पिल्लं नव्हती. सारवलेल्या जमिनीवर हातभर जागेत पांढऱ्या पिठाचा पातळ थर पसरलेला होता.

तुमच्यातल्या जाणत्यांना एव्हाना कळलं असेल. मलाही कळायला हवं होतं, मी काही परदेशात वाढलेलो नाही. पण मला आनंद झाला! म्हटलं, बुधाभाऊनं शब्द पाळला, माझ्यासाठी पीठ टाकून ठेवलं. कामाला लागलो की माझे डोळे माणसाचे राहत नाहीत, हा माझा जुना दोष आहे.

मी फोटो घ्यायला सुरुवात केली. उघड्या दारातून तो पिठूळ उजेड सगळ्या घरभर सारखा पसरला होता, आणि दिवा असून नसल्यासारखा. पांढऱ्यावर पांढरं, मला तर नुसती एक कोरी चौकट दिसत होती. घरात कॅमेऱ्याच्या खटक्याशिवाय आवाज नव्हता. एकदा चौकटीत कोपऱ्यात कुणीतरी बसल्यासारखं वाटलं म्हणून सवयीनं म्हणालो, "जरा बाजूला सरका." म्हणालो आणि मग डोळा कॅमेऱ्यावरून काढून बघितलं. कोपरा रिकामा होता. पण पुढच्या फोटोत तिथं अडथळा नव्हता, एवढं मला स्पष्ट आठवतंय.

शेवटचे चार फोटो स्टँड लावून घ्यायचे होते. तेवढ्यात ओढ्याकडून माणसांचा गलका आला. मी गडबडलो, स्टँडचा पाय सटकला आणि पिठात टेकला. टेकल्याचं हाताला कळलं. स्टँड उचलला, कसाबसा एक खटका दाबला, खाली न बघता डालगं होतं तसं पालथं घातलं आणि बाहेर आलो.

ओढ्याकडून सगळी वाडी वर येत होती. पुरुषांची डोकी भादरलेली, अंगावरचे कपडे ओले. मागं बायका, आणि त्यांच्यात हिराबाई. तिचं कपाळ रिकामं होतं.

"भाऊ, तुमी?" ती म्हणाली. "कुनी सांगितलं तुमाला? आज धावा हाय त्येचा."

बुधाभाऊ तापानं गेला होता, दहा दिवसांपूर्वी.

त्या वाडीत दहाव्याच्या आदल्या रात्री गेलेल्या माणसाच्या जागी दिवा लावतात, शेजारी पीठ पसरून झाकतात, आणि दहावा करून आल्यावर उघडून बघतात, कसलं पाऊल उमटलंय. माणसाचं, गाईगुराचं, सापाकिरड्याचं. त्यावरून त्याला पुढचा जन्म कुठला मिळाला ते ठरतं. हे मी लहानपणी आजोळी ऐकलेलं होतं. आणि आता मी त्याच पिठात स्टँडचा पाय रोवून आलो होतो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. घाबरलो, सरळ आहे. दारात उभा राहून बघत राहिलो. वाडीतल्या जुन्या जाणत्या आबांनी डालगं उचललं, हातात दिवा घेऊन जमिनीलगत आडवा धरला आणि वाकले. पुरुषमंडळींनी कडं केलं. बायका मागं, हिराबाई तर पार भिंतीला टेकलेली.

"पाखरू!" आबा म्हणाले. "तीन बोटं म्होरं, येक मागं. पाखराचं पाऊल हाय. सुटला रं बुधा."

आणि त्यांनी लगेच पीठ सुपात भरून ओढ्याकडं पाठवलं. हिराबाईनं तोंडावर पदर घेतला. रडत होती की हसत होती, मला कळेना. "पाय तोडला व्हता त्येचा," ती शेजारणीला म्हणत होती, "आता पख आलं गं बाई, पख आलं."

मी खाली मान घालून डोंगर उतरलो. पाखरू कसलं, माझ्या स्टँडचा पाय होता तो. सटकताना ओरखडे पडले असतील आणि म्हाताऱ्या डोळ्यांना ती बोटं दिसली असतील. हेच मी दोन वर्षं धरून चाललो होतो.

ते फोटो मी कंपनीत देऊन टाकले आणि पुन्हा उघडले नाहीत. मी फोटो काढणारा, जुळवणारे दुसरे. पण पावसाळ्यात भुशीकडं गेलो की हिराबाई दिसायची. वाटेच्या कडेला शेगडी, वर फाटकी छत्री. रोज पहिलं कणीस भाजलं की त्याचे मूठभर दाणे ती शेजारच्या कातळावर टाकायची आणि पाखरू येऊन टिपेपर्यंत एक कणीस विकायची नाही. गिऱ्हाईक ओरडो, नाहीतर निघून जावो. "त्येचा वाटा हाय," म्हणायची.

गेल्या वर्षी एक दिवस असा आला की पाऊस धरला होता, पाखरू म्हणून नाही, आणि ही बाई दुपारपर्यंत भिजत, निखाऱ्यांवर हात धरून बसलेली. गिऱ्हाइकांची रीघ पुढून निघून गेली. मला ते बघवेना. वाटलं, माझ्या एका चुकीपायी ही बाई उपाशी बसलीय. मी छत्रीखाली उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं. डालगं उचललं ते, स्टँडचं, गप्प राहिलो ते.

तिनं शेगडीतले निखारे सारखे केले. मग म्हणाली, "पीठ आमचं, दिवा आमचा. आन् पाऊल तुमचं व्हय?"

"वहिनी, मला माफ करा."

"बरं केलंसा, सांगितलंत ते." आणि कातळावरचे भिजलेले दाणे तिनं हातानं खाली सारले.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की ओझं उतरेल. उतरलं खरं, पण माझं. त्यानंतर दोनदा गेलो, कातळ रिकामा होता. ती माझ्याशी बोलायची, चहा घेता का विचारायची, पण वर बघायची नाही. आधी ती सारखी वर बघायची, झाडाकडं. असा पश्चात्ताप मला आयुष्यात झाला नव्हता.

आणि मग यंदाचं ते बंगळूरचं प्रदर्शन. आमचा गेम तिथं पहिल्यांदा दाखवणार, म्हणून केतकी मला हट्टानं घेऊन गेली. मी पण सकाळी मजेत फिरलो, कशाला खोटं बोलू. एका गेममध्ये घाटातून मालगाडी खाली उतरवायची होती, ब्रेक सांभाळत. तिथं मी अर्धा तास ठिय्या मारला आणि तीनदा गाडी घसरवली. दुसऱ्यात बुडालेल्या गावात होडीनं पत्रं वाटायची होती, तो फार सुंदर वाटला. दोन्ही पुढच्या वर्षी येणार आहेत, नातवाकडून जरूर मागवा.

दुपारी आमच्या दालनात गर्दी झाली. भिंतीएवढा पडदा, त्याच्यापुढं एक मुलगी खेळायला बसलेली. पडद्यावर धुकं, वाडी, आणि बुधाभाऊचं दार. ती मुलगी घरात शिरली. सगळं तसंच होतं, कुडाला पडलेला पोपडासुद्धा. कोपऱ्यात पांढरी जमीन. तिनं हातातला कंदील खाली जमिनीवर ठेवला.

आणि पिठात पाऊल उभं राहिलं.

पुढं तीन बोटं, मागं एक. बोटांची नखं कळावीत इतकं रेखीव. आडव्या उजेडानं प्रत्येक कडेला बारीक सावली आली होती. गर्दीतून एक दबका आवाज उठला. केतकी माझ्या कानाशी म्हणाली, "काय जमलंय ना? तुम्ही मुद्दाम उमटवून घेतलं होतं का काका?"

"मी नाही. तुमच्या पोरांनी काढलं असेल."

तिनं जमीन जुळवणाऱ्या मुलाला हाक मारली. तो म्हणाला, "मी काहीच घातलेलं नाही. तुमच्या स्कॅनमध्येच आलंय. आम्ही कंदील लावला तेव्हा दिसलं."

तेव्हाच मी भिंतीला टेकलो आणि तेव्हाच ती माइकवाली आली.

थोड्या वेळानं मी त्या मुलाच्या लॅपटॉपवर मूळ फोटो उघडायला लावले. पहिला फोटो, डालगं उचलल्याबरोबर काढलेला. नुसतं बघितलं तर पांढरं फटक. त्यानं उजेड कमी केला, काळं-पांढरं ताणलं, आणि पाऊल वर आलं. पहिल्याच फोटोत. स्टँड तेव्हा बॅगेत होता. मग शेवटचा फोटो बघितला. माझ्या स्टँडचा पायही होता तिथं, अगदी कडेला, चांगला वीतभर लांब. गोल, रबरी बुचाचा, बिस्किटाएवढा खड्डा. बोटंबिटं काही नाहीत त्याला.

म्हणजे जिथं सावली पडत नाही तो उजेड शोधत मी आयुष्य घालवलं, आणि त्याच उजेडात मला समोरचं दिसलं नव्हतं. आबांनी दिवा आडवा धरला, त्यांना दिसलं. मी एका बाईला खरं म्हणून जे सांगितलं ते साफ खोटं होतं.

डोकं चालवून बघितलं. एखादी चिमणी डालग्याखाली शिरली असेल. पण शिरणार कुठून, आणि पिठात इकडून तिकडं चालणार नाही का ती? सगळे एकशे ऐंशी फोटो पाहिले. शेवटचा तो गोल खड्डा सोडला तर पीठ सगळीकडं सपाट, अस्पर्श. मधोमध ते पाऊल. जातानाचं नाही, येतानाचं नाही.

आठ दिवसांनी मी भुशीला गेलो. दाट धुकं होतं, धबधबा नुसता ऐकू येत होता. हिराबाई शेगडी फुलवत होती. मी पिशवीतून मोठा केलेला फोटो काढून तिच्या हातात दिला.

"वहिनी, मी चुकलो. पाऊल माझं नव्हतं. हे बघा, हे माझं, हे गोल. आणि हे आधीपासून होतं."

तिनं हात लुगड्याला पुसले आणि फोटो डोळ्यांशी नेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिनं ते पाऊल कधी पाहिलंच नव्हतं. दहाव्याला ती भिंतीला टेकून होती, आणि पीठ लगेच ओढ्याला गेलं होतं. तिनं आबांच्या शब्दावर विश्वास ठेवला, मग माझ्या.

"दुसरं कुटं हाय?" तिनं विचारलं.

"दुसरं काय?"

"पाऊल. पाखराला दोन पाय आस्त्यात ना. हितं येकच हाय."

"एकच आहे वहिनी. मी सगळे फोटो तपासले. दुसरं कुठंच नाही."

ती माझ्याकडं बघायला लागली. मला अजून उमगलं नव्हतं.

"डावं हाय की वो ह्ये," ती म्हणाली. "त्येला डावाच पाय व्हता, भाऊ."

पाखराचं डावं-उजवं मला कळत नाही, तुम्हालाही कळत नसेल. तिला कळलं. मी तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसलो आणि रडलो, त्यात लाज कसली. तिनं मला रडू दिलं. मग कणीस उचलून दाणे सोलले, कातळ पदरानं कोरडा केला, आणि त्याच्यावर दाणे ठेवले.

"धुकं लय हाय आज," ती वर बघत म्हणाली. "यायला उशीर व्हईल." मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "त्या तुमच्या खेळात लोकं आमच्या घरात फिरत्यात म्हनं?"

"फिरतात. सांगा, मी ते घरच काढायला लावतो."

"नगं. ऱ्हाऊ द्या, घर हाय तवर कुनीतरी येऊ दे. पर त्या जागंवर कुनाला पाय ठिवू दिऊ नका."

केतकीला मी सगळं सांगितलं. गेममध्ये जिथं माणसाला जाऊ द्यायचं नसतं तिथं एक न दिसणारी भिंत घालतात, हवेतच. तिनं स्वतः बसून ती घातली.

तर त्या माइकवाल्या मुलीला माझं उत्तर हे, की आमचाच. पुढच्या वर्षी तो बाजारात येईल. तुमच्या घरातलं कुणी खेळलं आणि वाडीतल्या शेवटच्या घरात शिरलं, तर दिव्याशेजारच्या पांढऱ्या जागेवर त्याला पाऊल टाकता येणार नाही. कितीही पुढं रेटलं तरी माणूस अडकेल. पोरं म्हणतील, गेममध्ये दोष राहिलाय, आणि कंपनीला तक्रारी करतील. त्यांना सांगा, दोष नाही. तिथं कुणीतरी उभं आहे, जरा बाजूनं जा.